संदर्भ-व्याकरण आणि मराठी अभ्यासक : स्नेडनकृत इंडोनेशियन व्याकरणाचा विचार

जेम्स नील स्नेडन यांचे इंडोनेशियन भाषेचे संदर्भ-व्याकरण १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. अॅडेलार, जेनार व युइंग यांच्या सहकार्याने त्याची दुसरी आवृत्ती २०१० मध्ये निघाली. प्रस्तुत लेखात या ग्रंथाची परीक्षा मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने करावयाची आहे. पनवेलजवळच्या करंजाडे येथे प्रस्तुत लेखकाने दोन विद्यार्थ्यांसह हा ग्रंथ वाचला. न्हावा-शेवा बंदराच्या सान्निध्यामुळे या तरुणांना इंडोनेशियन भाषा उपजीविकेच्या दृष्टीने उपयुक्त वाटत होती. वाचताना आलेली मुख्य अडचण भाषेची नव्हती, ती मध्यस्थाची होती. ग्रंथ इंग्रजी वाचकाच्या अडचणी गृहीत धरून लिहिलेला आहे आणि मराठी वाचकाच्या अडचणी त्याहून वेगळ्या आहेत.

संदर्भ-व्याकरण हे पाठ्यपुस्तक नव्हे. त्यात सोप्याकडून कठिणाकडे जाणारा क्रम नसतो. पहिल्या पानापासून वाचू लागणारा अभ्यासक उपसर्ग-प्रत्ययांच्या अरण्यातच थकतो. आम्हीही प्रथम तीच चूक केली. नंतर एखादा छोटा उतारा घ्यावा, अडलेले रूप सूचीतून शोधावे आणि तेवढाच परिच्छेद वाचावा, ही रीत अधिक फलदायी ठरली.

क्रियापदांना लागणाऱ्या अनुनासिकान्त उपसर्गाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ‘तुलिस’ (लिहिणे) या धातूचे ‘मनुलिस’ होते, ‘पुकुल’ (मारणे) याचे ‘ममुकुल’, ‘किरिम’ (पाठविणे) याचे ‘मङिरिम’. इंग्रजी वाचकाला हे नियम तक्त्यावरून पाठ करावे लागतात. ज्याने शाळेत परसवर्ण शिकला, ‘अंक’, ‘दंत’, ‘अंबर’ या शब्दांतील अनुस्वाराचा उच्चार पुढील वर्गाप्रमाणे बदलतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा तक्ता पाहताच ओळखीचा वाटतो. नवे लक्षात ठेवायचे ते इतकेच की येथे अनुनासिक आल्यावर मूळचे अघोष व्यंजन लोप पावते. ‘बाचा’ (वाचणे) याचे ‘मम्बाचा’ होताना मात्र ‘ब’ टिकतो. ‘सापु’ (झाडणे) याचे ‘मञापु’ होते, तेथे आपला नियम पुरत नाही. उपसर्गातील स्वर रोमन लिपीत ‘ए’सारखा दिसत असला तरी उच्चार मराठी ‘अ’च्या जवळचा आहे. वहीत देवनागरी लेखन केले तर ही अडचण आपोआप सुटते.

प्रथमपुरुषी अनेकवचनाचेही तसेच आहे. ‘किता’ आणि ‘कामी’ यांतील भेद इंग्रजीत नाही, म्हणून तो तेथे समजावून सांगावा लागतो. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे म्हटले की विषय संपला. (‘आपण’ आदरार्थी द्वितीयपुरुषीही होते, त्या अर्थाने ‘किता’ घेऊ नये, एवढी सूचना पुरे.)

खरा कस लागतो तो प्रयोगविचारात. ‘बुकु इतु साया बाचा’ हे वाक्य घ्यावे. शब्दशः ‘पुस्तक ते मी वाच’. ‘बाचा’ हा शब्दही संस्कृत ‘वाच्’शी नाते सांगणारा. स्नेडन या रचनेला कर्मणी प्रयोगाचा दुसरा प्रकार मानतात आणि तिचे इंग्रजी रूपांतर ओढूनताणून करावे लागते. मराठीत ‘ते पुस्तक मी वाचले’ असे सहज म्हणता येते, आणि मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने (१९११) प्रयोगांची जी दीर्घ चर्चा केली, तिच्या आधारे हे वाक्य कर्मणी आहे हे विद्यार्थ्याला माहीत असते. आमचे दोघेही विद्यार्थी येथे आनंदले. तो आनंद अर्धाच खरा होता. ‘बुकु इतु आकान साया बाचा’ म्हणजे ‘ते पुस्तक मी वाचीन’. मराठीत भविष्यकाळ येताच प्रयोग कर्तरी होतो, इंडोनेशियनमध्ये तो कर्मणीच राहतो. शिवाय तेथे कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घालता येत नाही. काळदर्शक ‘आकान’सुद्धा कर्त्याच्या आधी येतो. मराठीत ‘ते पुस्तक मी काल वाचले’ यात काही वावगे नाही. आपल्या कर्मणीचे गमक क्रियापदाचे लिंगवचन, त्यांचे गमक शब्दांचा क्रम. मराठी अभ्यासकाला नेमके हे कोणी सांगायला हवे आणि इंग्रजी वाचकासाठी लिहिलेला ग्रंथ ते सांगणार नाही. हा ग्रंथकाराचा दोष नव्हे. तुलनात्मक टिपणे आपणच करावयास हवीत.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत मराठी वाचकाचा आत्मविश्वास त्याला सर्वाधिक फसवितो. ‘चिंता’ म्हणजे प्रेम, ‘इस्त्री’ म्हणजे पत्नी, ‘काता’ (मूळ ‘कथा’) म्हणजे शब्द, ‘दोसा’ म्हणजे पाप. अर्थांतराचा हा इतिहास संदर्भ-व्याकरणाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी डच पंडित यान गोंडा यांचा इंडोनेशियातील संस्कृतविषयीचा ग्रंथ पाहावा लागतो. तो १९५२ मध्ये नागपुरात, डॉ. रघुवीर यांच्या संस्थेतर्फे प्रकाशित झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते हे खरे, तरी या विषयातील एक प्रमाणग्रंथ विदर्भात छापला गेला याची आठवण आपल्या भाषाविभागांतून क्वचितच काढली जाते.

ग्रंथाची एक मर्यादा मात्र सर्वांनाच जाणवेल. त्याचा भर औपचारिक, प्रमाण भाषेवर आहे. विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित संभाषणे ऐकली तेव्हा नकारार्थी ‘तिदाक’ऐवजी ‘ंगाक’ ऐकू आले, ‘मम्बाचा’चा उपसर्ग गळून नुसते ‘बाचा’ उरले आणि कष्टाने शिकलेला परसवर्णाचा तक्ता निरुपयोगी ठरल्यासारखे त्यांना वाटले. वृत्तपत्र उघडताच तो पुन्हा उपयोगी पडला. स्नेडन यांनीच जकार्ताच्या बोलीवर २००६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. बंदरावर बोलण्यासाठी ही भाषा शिकणाऱ्याने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवूनच बसावे.