निजतेवेळची गोष्ट आणि दूरचित्रवाणी

वाङ्मयाचे जे प्रकार टीकाकारांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीत, त्यांत निजतेवेळच्या गोष्टीचा अनुक्रम पहिला लावावा लागेल. इतर कोणत्याही कथेचा श्रोता मध्येच झोपी गेला तर तो कथाकाराचा पराभव समजला जातो. येथे मात्र तोच विजय होय. सबब या प्रकाराची कसोटीही निराळी असली पाहिजे.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराचे दार ठोठावतो, आणि चिमणी त्याला थोपवून धरते. कारण तिला बाळाला न्हाऊ घालावयाचे असते, अंग पुसावयाचे असते, तीट लावावयाची असते, निजवावयाचे असते. या सबबी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. परंतु त्या सबबी म्हणजे ऐकणाऱ्या मुलाचाच सायंकाळचा दिनक्रम होय, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल? कावळा बाहेर भिजत आहे, आणि आपण आत, कोरडे, पांघरुणात आहोत, ही जाणीव तर अंगाईहूनही गुणकारी. शिवाय आजीला मुलाच्या पापण्या दिसत असतात. त्या जड झाल्या की ती दोन सबबी गाळते. टक्क उघड्या असल्या तर चार नव्या घालते. ही लवचिकता छापील पुस्तकातही नाही.

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या आपल्या उपनगरांत हे काम आता पुष्कळ घरी दूरचित्रवाणीकडे सोपविले गेले आहे. याबद्दल आईबापांवर तोंडसुख घेण्याची आमची इच्छा नाही. चर्चगेटहून वा शिवाजी टर्मिनसहून गर्दीच्या गाडीतून उभ्याने आलेल्या आईने कुकर लावावा की गोष्ट सांगावी? त्यातून दोन खोल्यांचे घर. ज्या खोलीत यंत्र, त्याच खोलीत मुलाचे अंथरूण. तेव्हा प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नसून, आजीच्या जागी बसलेल्या या नव्या कथेकऱ्याला आपली कला कितपत येते, हा आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी कार्यक्रम संध्याकाळचे मोजके तास. 'किलबिल'सारखा मुलांचा कार्यक्रम येई आणि संपे. पुढे बातम्या लागल्या की मुले आपोआप पांगत. हे संयमाचे फळ होते असे मात्र नव्हे. ती केवळ साधनांची तूट होती. परंतु तुटीतूनही कधी कधी शिस्त निपजते! इंग्लंडात बी.बी.सी.ने हीच गोष्ट जाणूनबुजून केली. मुलांना निजवता यावे म्हणून तेथे सायंकाळी सहा ते सातपर्यंत प्रक्षेपणच बंद असे. ही प्रथा १९५७ च्या फेब्रुवारीत मोडली. पूर्व बर्लिनमध्ये २२ नोव्हेंबर १९५९ पासून वाळूवाला बाहुला मुलांच्या भेटीस येऊ लागला. तो कधी गाडीतून, कधी विमानातून येतो, एक लहानशी गोष्ट दाखवितो, डोळ्यांवर झोपेची वाळू टाकतो आणि निघून जातो. आमच्या मते या कार्यक्रमाचे सारे मर्म त्या निघून जाण्यात आहे. बी.बी.सी.च्या २००७ मधील 'इन द नाइट गार्डन'मध्येही अखेरीस एकेक पात्र झोपी जाते. पाठीमागे डेरेक जेकोबीसारख्या थोर नटाचा संथ स्वर. चिमणीच्या सबबींचाच हा विलायती अवतार म्हणावा.

आता आपल्याकडे पाहू. २००८ पासून 'पोगो' वाहिनीवर 'छोटा भीम' आहे. हैदराबादेत घडलेले हे चित्र सर्वस्वी टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ढोलकपूरचे गाव, टुनटुन मावशीचे लाडू, कालियाचा मत्सर, जग्गू माकडाच्या उड्या यांत देशी मातीचा वास खचित आहे, आणि दुपारी चारला पाहिले तर त्यातून एखादा चांगला खेळही सुचेल. परंतु भीमाची गोष्ट विजयाने संपते. लाडू खाऊन बळ यावयाचे, शत्रू आदळावयाचा, टाळ्या पडावयाच्या. विजयी वीर झोपत नसतो! आणि तो विजय ओसरण्यापूर्वीच पुढचा भाग सुरू होतो. भ्रमणध्वनीवर तर पुढचे चित्र, थांबविल्यावाचून, आपणहून लागते. येथे श्रोता जागा राहणे हाच विजय, कारण विक्रेत्याला जागे गिऱ्हाईक हवे.

डॉक्टर मंडळींनी या बाबतीत तासांचा हिशेब मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी एक तासाहून अधिक पडदा नको, कमी तितके बरे, असे सांगितले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्येच झोपेपूर्वीचा तास पडद्याविना ठेवण्याचा सल्ला दिला होता. सल्ला उत्तम आहे. तो पाळणे ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य पाळावा. ज्यांना शक्य नाही, त्यांच्या मुलांना त्या वेळी काय ऐकू येते, हा प्रश्न तरीही उरतोच.

कारण निजतेवेळी कानी पडणारी भाषा ही मुलाच्या नवलाची भाषा होते. मुलुंडच्या एखाद्या मराठी घरात भीम, मोटू, पतलू हे सारे हिंदीत पराक्रम करतात, आणि मराठी उरते ती 'आवर', 'जेव', 'आता पुरे' एवढ्यापुरती. हिंदीशी आमचे वैर नाही. दोन भाषा येणारे मूल भाग्यवानच. परंतु एका भाषेत राक्षस, राजे, ढग आणि दुसरीत नुसत्या आज्ञा, अशी वाटणी झाली तर मूल कोणत्या भाषेवर जीव लावील, हे सांगावयास पंडित नको. शिवाय 'कावळा मग कुठे झोपला?' असे मुलाने विचारले, तर पडदा थांबत नाही. आईचे उत्तर अर्धवट पेंगलेले असले तरी ते उत्तर असते.

वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये 'आनंद' मासिक काढले आणि ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीस बालवाडी उभारली. त्याच महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीने रोज रात्री आठला दहा मिनिटे या कामी द्यावीत, ही मागणी अवास्तव नव्हे. त्यासाठी मोठा खर्च नको. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांपाशी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आहे. तेथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन शासनाने त्याची कदरही केली आहे. एक दिवा, एक पांढरा पडदा, एक संथ मराठी आवाज एवढ्यावर भागेल. कावळ्याने दार ठोठवावे, चिमणीने त्याला थोपवावे, बाळ झोपले की दिवा मालवावा आणि पुढे काहीही लावू नये.