'कानोसा' : आरोग्यविषयक माहितीचा उलटा प्रवाह

आरोग्यविषयक माहिती ही शहराकडून खेड्याकडे, तज्ज्ञाकडून अज्ञाकडे वाहते, असे मराठीतील आरोग्यशिक्षणपर लेखनात बहुधा गृहीत धरलेले असते. भित्तिपत्रक, आकाशवाणीवरील भाषण, वृत्तपत्रातील डॉक्टरांचे सदर आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून फिरणारा संदेश या सर्वांची रचना एकच होय. सांगणारा वर आणि ऐकणारा खाली. डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा' या पुस्तकाने या गृहीतकाला छेद दिला. येथे बोलतात त्या गडचिरोली परिसरातील स्त्रिया, आणि कान देते ती स्त्रीरोगतज्ज्ञ.

या पुस्तकाची पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेच्या कार्यासाठी निवडला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले; पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधील अंतर हा केवळ दवाखान्यांच्या अभावाचा परिणाम मानता येत नाही. दुखणे ठाऊक होते, परंतु ते कोणापुढे आणि कोणत्या शब्दांत मांडावे याची सोय समाजाने ठेवलेली नव्हती. 'कानोसा' या मौनाची उकल करते.

'अंगावरून पांढरे जाणे' ही तक्रार घेतली तर हे स्पष्ट होते. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने ते एक लक्षण आहे. स्त्रियांच्या बोलण्यात मात्र त्याला उष्णता आणि अशक्तपणा यांची संगती असते. शरीरातील शक्तीच झिरपून जात आहे, अशी ती जाणीव असते. या समजुतीला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे सोपे होते. बंग यांनी ती विचारप्रणाली म्हणून ऐकली, हे या लेखनाचे खरे बळ होय. आपला आजार रुग्णाला कसा दिसतो हे न जाणता दिलेला सल्ला तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हीच दृष्टी 'सर्च'च्या श्वासमापकातही आढळते. अर्भकाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला श्वास मोजावे लागतात, आणि निरक्षर दाईला मोठी संख्या मोजणे कठीण जाते. म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या दोन ओळी योजण्यात आल्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. माहितीचे सुलभीकरण म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

तथापि, 'कानोसा'ची एक मर्यादा नोंदवणे भाग आहे. ज्यांच्या बोलण्यातून हे पुस्तक घडले, त्या स्त्रिया त्याच्या वाचक नाहीत. ते पोहोचते ते प्रामुख्याने शहरी, शिक्षित मराठी वाचकांपर्यंत. शिवाय भामरागडची माडिया, जिवतीची कोलामी, सिरोंच्याची तेलुगू या भाषांतील स्त्रीचे दुखणे मराठीत येण्यापूर्वीच भाषांतरित झालेले असते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात (१९७३) डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना प्रथम माडिया भाषा शिकावी लागली, ती यामुळेच. अर्थात, हा दोष लेखिकेपेक्षा मराठी ग्रंथव्यवहाराचा अधिक आहे.

आंतरजालावर माहिती शोधणाऱ्या आजच्या तरुणीपुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. तिच्याजवळ घरातला शब्द असतो; संकेतस्थळावर मात्र 'श्वेतप्रदर' हा संस्कृत शब्द किंवा त्याचा इंग्रजी पर्याय असतो. शब्द जुळला नाही की उत्तर सापडत नाही. आणि जे सापडते ते बरेचदा औषधविक्रेत्याची जाहिरात असते. ज्या बोलीत दुखणे सांगितले जाते त्या बोलीतील शब्दसंग्रह 'कानोसा'सारख्या पुस्तकात हाती लागतो. मराठीतील आरोग्यविषयक संकेतस्थळांच्या संपादकांनी तो वापरल्याचे क्वचितच दिसते. महाविद्यालयांतील मराठी व गृहविज्ञान विभागांनी झाडीबोली, गोंडी व माडियातील आजारांच्या नावांची सूची करावयाचे ठरवले, तर सुरुवातीला त्यांना या पुस्तकाकडेच यावे लागेल.