ओवीची गती आणि यंत्राची गती

मौखिक वाङ्मयाचा अभ्यास पूर्वी वहीवर होत असे. आज तो बहुतांशी संगणकासमोर बसून होतो. गाणाऱ्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत जाण्याचे श्रम वाचले, हा लाभ लहान नव्हे. परंतु या सोयीबरोबरच अभ्यासकाच्या हाती एक असा अधिकार आला आहे, की ज्याची चर्चा मराठीत व्हावी तितकी झालेली नाही. व्हीएलसीसारख्या साधनात चौकटी कंसाची एक कळ दाबली की मुद्रण एकदशांशाने मंदावते, दुसरी दाबली की तितकेच जलद होते, आणि बरोबरीच्या चिन्हाची कळ त्याला मूळ गतीवर आणते. यूट्यूबवर हीच गती पावपटीपासून दुपटीपर्यंत बदलता येते. विद्यार्थी तिच्याकडे चश्म्याप्रमाणे पाहतो: वस्तू तीच, केवळ दिसणे सुलभ. वाङ्मयाच्या बाबतीत, विशेषतः ओवीच्या बाबतीत, हा समज टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिचे दळण आणि विठ्ठलाचे जात्याला लागलेले हात ही कथा परंपरेने घरोघर पोचवली आहे. अलीकडच्या काळात हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनी पुण्यास राहून जात्यावरील ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण केले. ते सुमारे १२० तासांचे भरते. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. परभणीच्या बोलीचा व छंदाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला याहून मोलाची सामग्री सहज मिळणार नाही. म्हणूनच ती ऐकावी कशी, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

गती बदलणे सर्वत्र अयोग्य आहे असे मात्र कोणी समजू नये. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) घ्या. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट सांगितली जाते. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. तेव्हा सेकंदाला १६ चित्रे या मूकपटकालीन सामान्य गतीने तो तासाभराहून थोडा अधिक चालेल, आणि बोलपटाच्या २४ चित्रांच्या गतीने चाळीस-एक मिनिटांत आटोपेल. संगणकावर जुन्या मूकपटातील माणसे लगबगीने, जवळजवळ हास्यास्पद रीतीने धावताना दिसतात, ते बहुधा या फरकामुळे. (विनोदी मूकपटांच्या लौकिकात या अपघाताचा वाटा किती, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.) तेथे पाऊणपट गती निवडणारा प्रेक्षक कृतीत ढवळाढवळ करीत नाही, तो ती मूळ पदाजवळ नेतो. फक्त प्रत तयार करतानाच कोणी चित्रांची पुनरावृत्ती करून गती सुधारलेली नाही ना, एवढे त्याने आधी पाहावे.

ओवीची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे मूळ गती हरवलेली नाही. ती मुद्रणात आहेच. तिच्यापासून दूर जाण्याचे कारण अभ्यासकाची सोय, एवढेच असते. आणि हे दूर जाणे आज कानाला कळत नाही, ही खरी अडचण आहे. ध्वनिफितीच्या काळात फीत अर्ध्या गतीने फिरवली की आवाज एक सप्तक खाली उतरे. बाईचा आवाज पुरुषासारखा घोगरा होई. कृत्रिमता आपली साक्ष आपणच देत असे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात फेअरबँक्स, एव्हरिट व येगर यांनी स्वराची उंची न बदलता कालमान बदलण्याचे यंत्र वर्णिले, आणि आज प्रत्येक संगणकात त्याचीच गणिती वंशावळ नांदते आहे. ध्वनीचे अतिशय लहान, सेकंदाच्या काही शतांशांएवढे तुकडे करावयाचे. मंद करताना ते परस्परांवर सरकवून पुन्हा पुन्हा वापरावयाचे, जलद करताना मधले गाळावयाचे, आणि जोड दिसू नये म्हणून लाटेशी लाट जुळवावयाची, असा हा व्यवहार आहे. आवाज बाईचाच राहतो. त्यामुळे ऐकणारा निर्धास्त होतो.

परंतु माणूस स्वतः सावकाश बोलतो तेव्हा काय घडते? स्वर लांबतात, विराम वाढतात; व्यंजने मात्र फारशी ताणली जात नाहीत. ‘त’ किंवा ‘प’ उच्चारताना होणारा स्फोट सावकाशीनेही क्षणिकच असतो. यंत्राला हा विवेक नाही. ते सर्व काही सारख्याच प्रमाणात ताणते, क्वचित एकाच स्फोटाचे दोन करते. म्हणजे अर्ध्या गतीवर जे ऐकू येते ती सावकाश म्हटलेली ओवी नव्हे. तशी ओवी कोणत्याही गळ्यातून कधी निघालेली नसते.

याचा परिणाम बोलीच्या नोंदीवर कसा होऊ शकतो, हे ‘ण’ या एका वर्णावरून दिसेल. दोन स्वरांमध्ये येणारा मराठी ‘ण’ पुष्कळदा उत्क्षिप्त असतो: जीभ मूर्धेला लागून चटकन सुटते, आणि या चटकनपणावरूनही कान त्याला ‘न’पासून वेगळा ओळखतो. ‘पाणी’ आणि ‘पानी’ हा भेद मराठवाड्यात केवळ ध्वनीचा नाही. शिक्षण, जात, गाव व प्रतिष्ठा यांचे हिशेब त्याला चिकटलेले आहेत. मुद्रण अर्ध्या गतीने लावले की स्पर्शाचा काळ दुप्पट होतो, आणि उत्क्षिप्त ‘ण’ कानाला सावकाश ‘न’सारखा भासण्याचा संभव उत्पन्न होतो. लिहिणारा प्रामाणिकपणे ‘पानी’ लिहितो. आपण अधिक काळजीपूर्वक ऐकले, असा त्याचा विश्वास असतो. एका न शिकलेल्या बाईच्या नावावर अशा रीतीने एक उच्चार जमा होतो, जो कदाचित तिचा नव्हेच. ‘ळ’च्या बाबतीतही हाच धोका आहे. उलट ‘च’चे तालव्य व दंततालव्य हे दोन उच्चार घर्षणाच्या गुणावरून ओळखले जात असल्याने मंद गतीत तितके बिघडू नयेत. तेव्हा सरसकट निषेधही शास्त्रीय होणार नाही. कोणता भेद कालावर उभा आहे आणि कोणता नाही, हे आधी ठरवावे लागते.

छंदाच्या दृष्टीने पाहिल्यास प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त पद्याचे छंद, वृत्त व जाती असे भाग केले आणि लघुगुरूचा भेद न मानणाऱ्या अक्षरसंख्याक रचनेला, म्हणजे ओवी-अभंगांना, पहिल्या भागात स्थान दिले. ही व्यवस्था ग्रंथातील ओवीला लागू पडते. जात्यावरील ओवीत मात्र ‘गं’, ‘बाई’, ‘सांगते तुला’ अशी भर पदोपदी येते, आणि तिची गणना करावी की नाही हे अक्षरे मोजून ठरत नाही. ती भर आघातावर पडते की दोन आघातांच्या मध्ये निसटते, यावरून ते ठरते. मंद केलेल्या मुद्रणात निसटता ‘गं’ भरदार अक्षर होऊन बसतो आणि चरण विनाकारण लांब ठरतो. जलद केलेल्या मुद्रणात तो ऐकूच येत नाही, आणि चरण छापील ओवीइतका नीटनेटका होतो. दोन अभ्यासक एकाच ओवीची दोन मापे घेऊन वाद घालतील, आणि दोघांचेही कान शाबूत असतील.

जलद ऐकण्याविषयी एरवी फारसे लिहिण्याचे कारण नव्हते. व्याख्यानांची मुद्रणे दीडपटीने ऐकण्याचा प्रघात विद्यार्थ्यांत रूढ झाला आहे, आणि गद्य विवेचनापुरता तो क्षम्य आहे. इंग्रजीतील प्रयोगांचा आढावा घेऊन फुल्क व स्टिक्ट यांनी १९६९ मध्ये दाखविले होते, की मिनिटाला सुमारे २७५ शब्दांच्या पुढे आकलन वेगाने ढासळते. सामान्य वक्त्याला दुप्पट केले की ही सीमा ओलांडली जाते. पण १२० तासांचा संग्रह साठ तासांत ‘संपविण्या’चा मोह मात्र वेगळा आहे. ‘घर’ आणि ‘घरं’ यांतील एकवचन-अनेकवचनाचा भेद बोलण्यात केवळ अंत्य ‘अ’कारावर असतो, तोच प्रथम गिळला जातो. त्यातही काही साधनांत विराम आपोआप गाळण्याची सोय असते. ओवीतील विराम म्हणजे रिकामी जागा नव्हे. तेथे बाई श्वास घेते, दाणे टाकते, समोर बसलेली दुसरी बाई चरण उचलते. तो गाळणे म्हणजे दळणातून जाते काढून घेणे होय.

मंद गतीचा उपयोग अस्पष्ट शब्दाचा तर्क करण्यापुरता असावा; तो शब्द नंतर मूळ गतीवर ऐकून पक्का करावा, आणि जेथे तसे करता आले नाही तेथे कोणत्या गतीवर वाचन केले ते संहितेजवळ आकड्यात द्यावे. हस्तलिखितांच्या संपादनात प्रतींची नावे देण्याची शिस्त आपण पाळतोच. कालमान मोजावयाचे असेल तर ताणलेल्या प्रतीवर कधीही मोजू नये.

तथापि मूळ गती म्हणताना एक शंका उरते. गिरण्या गावोगाव पोचल्यावर हातजाती थांबली. पुष्कळ स्त्रियांना या ओव्या आठवून, जाते न ओढताच म्हणाव्या लागल्या. हाताचा जोर, दाण्यांची भर, पाळीचे जडपण यांनी जी गती पूर्वी ठरत असे ती अशा गायनात स्मरणाने ठरते. एकटीने दळताना आणि दोघींनी दळताना ती वेगळी असणार. म्हणून एकाच गायिकेची जात्यावरची व जात्याविना म्हटलेली ओवी जेथे उपलब्ध असेल, तेथे दोन्हींतील चरणांचे काल व विराम शेजारी मांडून पाहणे हे ओवीच्या छंदाविषयी कोणतेही विधान करण्यापूर्वीचे काम आहे.