काराव्हाज्जोचे ‘कुमारी मेरीचा मृत्यू’ : एका नकाराची मीमांसा

लाएर्त्सिओ केरुबिनी या विधिज्ञाने १६०१ साली रोममधील सांता मारिया देल्ला स्काला या चर्चमधील वेदीसाठी काराव्हाज्जोकडून ‘कुमारी मेरीचा मृत्यू’ हे चित्र करविले. परंतु तेथील कार्मेलाइट संन्याशांनी ते नाकारले. बरोक कलेच्या इतिहासात हा नकार वारंवार उल्लेखिला जातो. त्याची कारणे मात्र बहुधा जुन्या चरित्रकारांच्या शब्दांतच सांगितली जातात. मांचिनीच्या मते चित्रकाराने मेरीसाठी एका गणिकेचा नमुना घेतला होता. बाल्योने (१६४२) व बेल्लोरी (१६७२) हे मेरीच्या सुजलेल्या देहाकडे बोट दाखवितात. तिघांचाही आक्षेप आपल्या परिभाषेत औचित्यभंगाचा आहे. तो खोटा नव्हे. पण तो पुरेसा आहे काय, हा प्रश्न आहे.

प्रथम चित्र पाहावे. मेरी साध्या शय्येवर निश्चेष्ट पडली आहे. अंगावर लाल वस्त्र, उदर फुगलेले, एक हात शय्येबाहेर निसटलेला, पावले उघडी. भोवती प्रेषित माना खाली घालून उभे आहेत. पुढे मॅग्डालीन ठेंगण्या आसनावर वाकून रडत आहे. तिच्या पायांशी तांब्याचे घंगाळ आहे, ते बहुधा देह धुण्यासाठी आणलेले असावे. डावीकडून उतरणारा प्रकाश प्रेषितांच्या टकलांवरून मेरीच्या मुखापर्यंत येतो. तिच्या पावित्र्याची खूण म्हणून प्रभावलयाची एक बारीक रेषा तेवढी आहे. चित्राचा वरचा भाग एका विशाल लाल पडद्याने व्यापला आहे. या प्रसंगाच्या चित्रांत जेथे ख्रिस्त वा देवदूत अवतरावयाचे, तेथे येथे केवळ कापड आहे.

नकाराचे मर्म या वरच्या भागात आहे, असे मला वाटते. याला पुरावा पुढच्या घटनेत सापडतो. काराव्हाज्जोच्या जागी कार्लो साराचेनीला काम देण्यात आले. त्याच्या पहिल्या चित्रात मेरी बसलेली, हात जोडलेले, दृष्टी वर लागलेली. देहाविषयी आक्षेपाला जागाच नव्हती. मागे भव्य वास्तू होती. तरीही ते चित्र संघाला मान्य झाले नाही. वास्तूच्या जागी देवदूतांचा मेळा आला, तेव्हाच वेदी भरली. केवळ सुजलेला देह अथवा गणिका हेच कारण असते, तर साराचेनीचे पहिले चित्र परत जाण्याचे प्रयोजन नव्हते.

यावरून काराव्हाज्जो अश्रद्ध होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. स्वर्गारोहण तो नाकारीत नाही. त्यापूर्वीच्या घटकेपाशी तो थांबतो. मागे उरलेल्यांना त्या घटकेला जे दिसते, तेवढेच तो दाखवितो. संन्याशांचीही बाजू समजून घ्यावयास हवी. वेदीवरील चित्रापुढे उभ्या राहणाऱ्या भाविकाला शोकाबरोबर आश्वासनही हवे असते. काराव्हाज्जोने करुण पराकोटीला नेला, परंतु सांत्वनाचा भार पाहणाऱ्याच्या श्रद्धेवर सोपविला. वाद अश्लीलतेचा कमी आणि या भाराचा अधिक होता.

१६०७ मध्ये रूबेन्सच्या शिफारशीवरून मांतुआच्या ड्यूकने हे चित्र विकत घेतले. पुढे ते इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सकडे, नंतर चौदाव्या लुईकडे गेले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तेथे त्याच्यापुढे वेदी नाही, म्हणून त्यातील मानवी दुःख आपण सहज वाखाणतो. ३.६९ मीटर उंचीचे हे चित्र प्रार्थनेसाठी घडविले होते, हे स्मरणात ठेवले तरच त्या रिकाम्या पडद्याचे धाडस कळते.