चाळीस वाव दोर आणि एक वेढा

जोशुआ स्लोकमचे ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले आणि आजही ते आवडीने वाचले जाते ते त्यातल्या वाटचालीसाठी. २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून निघालेला हा माणूस २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला, तेव्हा शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला ठरला होता. थर्सडे आयलंडपासून कीलिंग कोकोस बेटांपर्यंतचा २,७०० मैलांचा टप्पा त्याच्या ‘स्प्रे’ या होडीने २३ दिवसांत कापला आणि या काळात त्याला सुकाणूला फारसा हात लावावा लागला नाही. हा भाग पुस्तकाच्या चाहत्यांना तोंडपाठ असतो. मला मात्र या पुस्तकाची खरी गोडी ‘स्प्रे’ जिथे अडकते, थांबते, नांगरावर उभी राहते, तिथे लागली. त्यातही उरुग्वेच्या किनाऱ्यावरचा एक प्रसंग मी कितीदा तरी वाचतो. तो जेमतेम काही परिच्छेदांचा आहे, आणि त्याचा नायक लोखंडाचा आहे.

स्लोकमचा जन्म १८४४ मधला, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा. शिडाच्या मोठ्या जहाजांवर कप्तान म्हणून हयात गेली आणि वाफेच्या जहाजांनी ते जग संपवत आणले, तेव्हा फेअरहेवनच्या एका शेतात पडलेली जुनी स्प्रे त्याच्या वाट्याला आली. तिचा सांगाडा त्याने ओकच्या नव्या लाकडात उभा केला. त्यात १३ महिने गेले आणि ५५३.६२ डॉलर लागले. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. हे सगळे आकडे तो पुस्तकात मन लावून देतो, कारण पुढे जे घडते त्याची मुळे या तयारीत आहेत.

डिसेंबर १८९५. रिओ द जानेरोहून दक्षिणेकडे जाताना उलट्या प्रवाहाचा त्रास चुकवण्यासाठी स्लोकम किनाऱ्याच्या फार जवळून चालला होता. चांदण्यात वाळूच्या टेकड्यांनी त्याला फसवले आणि स्प्रे रेतीवर चढून बसली. ओहोटी लागलेली. अशा वेळी होडी सोडवण्याचा जुना उपाय असा, की लहान होडीत नांगर घालून तो समुद्राच्या बाजूला, खोल पाण्यात नेऊन टाकायचा. मग त्याचा दोर मूळ होडीवरच्या रहाटाने ओढून धरायचा आणि भरतीचे पाणी चढले की त्या ओढीवर होडी मागे खेचून घ्यायची. नांगर एरवी होडीला जागच्या जागी धरतो, इथे तोच तिला हलवतो. स्लोकमने आधी हलका नांगर नेऊन टाकला, पण पाणी वेगाने उतरत होते आणि होडी त्याला दाद देईना. मोठा नांगर न्यायचा, एवढाच मार्ग उरला.

इथे लेखक आपल्याला त्याच्याकडच्या लहान होडीची आठवण करून देतो. स्प्रेच्या डेकवर पूर्ण लांबीची होडी ठेवायला जागा नव्हती. म्हणून ग्लॉस्टरला मिळालेली एक टाकून दिलेली ‘डोरी’ म्हणजे लहान वल्ह्यांची होडी त्याने मधोमध आडवी कापली आणि कापलेल्या तोंडाला फळ्या ठोकून अर्धी डोरी बरोबर घेतली. पुस्तकात आधी ती कपडे धुण्याचा आणि अंघोळीचा टब म्हणून येते, आणि वाचक ती मौज म्हणून वाचतो. उरुग्वेला तिच्यात मोठा नांगर आणि त्याचा सगळा दोर चढवला, तशी ती फुटत्या लाटांत तिथल्या तिथे भरली. जागेची अडचण सोडवण्यासाठी घेतलेल्या त्या निर्णयाची किंमत आता मागितली जात होती. लहान होडीवर काय ठेवायचे आणि कशाला जागा नाही म्हणायचे, हा प्रश्न किती दूरवर पोचतो ते या एका वाक्यात कळते.

मग तो दोर कापतो आणि एका खेपेच्या दोन खेपा करतो. पहिल्या खेपेला नांगर आणि त्याला बांधलेला चाळीस वाव दोर. सहा फुटांची वाव धरली तर हा २४० फूट, म्हणजे सुमारे ७३ मीटर दोर झाला. याच वाक्यात तो सहज सांगून टाकतो, की दोराच्या टोकाला बोया आधीच बांधलेला होता. पहिल्या वाचनात नजर या दोन-तीन शब्दांवरून घसरते. लेखक त्यांच्यावर जोर देत नाही, पुढे काय होणार याची चाहूलही लागू देत नाही. सगळा प्रसंग नंतर याच शब्दांवर उभा राहतो, हे कळते तेव्हा आपण पाने उलटून मागे येतो.

लाटा ओलांडून डोरी बाहेर पडते, पण ती गळते आहे. नांगर टाकण्याइतके अंतर काटेपर्यंत पाणी काठाला लागलेले आणि ती बुडायला आलेली. स्लोकम वल्ही सोडून उभा राहतो, नांगर डोक्यावर उचलतो आणि होडी उलटत असतानाच दूर फेकतो. मग तो उलटत्या होडीचा काठ पकडतो, कारण आपल्याला पोहता येत नाही हे त्याला आत्ता एकदम आठवते.

या क्रमावर माझा फार जीव आहे. आधी नांगर योग्य जागी पडतो, जिवाचा विचार त्यानंतर येतो. हा क्रम घटनेतला आहेच, पण तो वाक्यरचनेतही उतरला आहे. एखाद्याने पोहता न येण्याची गोष्ट प्रसंगाच्या सुरुवातीलाच सांगून आपला श्वास रोखून धरायला लावला असता. स्लोकम ती तोपर्यंत झाकून ठेवतो, कारण त्या क्षणापर्यंत तिचा उपयोग नव्हता. कामात बुडालेल्या माणसाचे मन कसे चालते ते तो वर्णनाविना दाखवतो. त्या ओळींत विशेषणे जवळपास नाहीत, क्रियापदेच आहेत: सोडणे, उठणे, उचलणे, फेकणे, धरणे. भीती हा शब्दही नाही. भयानक आणि वीर हे दोन्ही रस इथे आहेत, पण ते वाचकाने स्वतः काढायचे आहेत.

पुढे डोरी सरळ करण्याच्या धडपडीत तो तीनदा पाण्याखाली जातो. वारा हलकेच किनाऱ्याकडे वाहतो आहे, पाण्याची ओढ मात्र त्याला समुद्रात नेते आहे, याचीही तो या अवस्थेत नोंद करतो. लहानपणी झोपताना म्हणायची प्रार्थना ओठांवर येते. पण घरी बसून अमंगळ भाकिते करणाऱ्यांना ‘आम्ही सांगितलेच होते’ असे म्हणायची संधी मिळू नये, म्हणून तो आणखी एकदा जोर लावतो आणि होडी सरळ होते. मृत्यूच्या इतक्या जवळ हास्याला जागा देणे सोपे नसते. स्लोकमला ते साधते, कारण तो स्वतःला मोठे करत नाही. जगण्याची जिद्द तो एका साध्या, घरगुती मानी कारणावर टेकवतो आणि त्याने ती जिद्द जास्त खरी वाटते.

आता तो बोया आपले काम करतो. दुसऱ्या खेपेला दोराचा उरलेला भाग नेऊन तरंगत्या टोकाला जोडणे त्याला जड जात नाही. जोडलेल्या दोराचे टोक घेऊन तो स्प्रेवर परततो, तेव्हा ते रहाटाला जेमतेम एक वेढा बसेल एवढेच पुरते. जास्त काही उरत नाही. बुडत्या होडीतून, नजरेच्या अंदाजाने फेकलेला नांगर अगदी हव्या त्या अंतरावर पडला होता. हा आपल्या अंदाजाचा गुण की नशिबाचा, हा निवाडा तो करत नाही, दोघांनाही श्रेय देतो. मग दोर ताणून बांधायचा आणि भरतीची वाट पाहायची, एवढेच त्याच्या हातात उरते. त्यानंतर घोड्यावरून एक मुलगा येतो, बेवारस होडी सापडली म्हणून हरखतो आणि तिला घोडा जोडून घरी न्यायला बघतो. इतक्या ताणानंतर लेखकाने ठेवलेली ही मोकळी जागा फार समजुतीची आहे. भरतीने स्प्रे पुन्हा तरंगली आणि मालदोनादोकडे निघाली.

त्या मोठ्या नांगराचे वजन स्लोकम या प्रसंगात सांगत नाही, पण त्याची मर्यादा दाखवतो: एका माणसाला तो डोक्यावर उचलता आला पाहिजे. लहान शिडाच्या होडीवर नांगर निवडताना आजही हीच कसोटी लागते. जड नांगर तळाला चांगला धरतो, पण तो एकट्याने उचलता, ओढता आणि होडीत चढवता येत नसेल तर ऐन वेळी निरुपयोगी ठरतो. या पेचावर १९३३ मध्ये केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी उत्तर काढले. ते स्वतः हौशी नौकानयनपटू होते. त्यांनी फाळाच्या आकाराचे पाते असलेला नांगर आखला, जो वजनापेक्षा जमिनीत घुसण्यावर भिस्त ठेवतो. स्लोकमच्या हाती असे काही नव्हते. त्याच्याकडे वजन, लांब दोर आणि दोघांचा मेळ घालणारी नजर होती.

दोराच्या लांबीचे कारणही या प्रसंगात दडले आहे. नांगराला आडवी ओढ बसली तर तो रुततो, वर उचलणारी ओढ बसली तर तो निसटतो. म्हणून नांगरावर उभे राहताना, नाळेपासून तळापर्यंतच्या उंचीच्या साखळीला पाचपट आणि दोराला सातपट लांबी सोडावी, असा साधारण ठोकताळा आहे. खोली मोजताना भरतीचे चढणारे पाणीही धरावे लागते. साखळी स्वतःच्या भाराने खाली झुकते आणि ओढ आडवी ठेवते, शिवाय खडकावर घासून तुटत नाही. पण तो भार वाहावाही लागतो. ८ मिलिमीटर जाडीच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे दीड किलो. ५० मीटर साखळी नाळेत भरली तर तिथे ७० किलोंहून अधिक ओझे बसते आणि लहान होडी लाटेत नाक खुपसू लागते. त्यामुळे बरेच जण नांगराजवळ काही मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर वापरतात. नायलॉन ताणला जातो आणि झटके सोसतो. साखळीचा कप्पा शक्य तितका खाली आणि मागे असावा, त्यातले पाणी निथळून जावे. साखळीचे शेवटचे टोक होडीला दोराने बांधावे आणि तो दोर डेकवरून सुरीने कापता यावा, म्हणजे प्रसंगी सगळे सोडून निघता येते. राखीव नांगर सामानाच्या ढिगाखाली नसावा, अंधारातही हाताला लागावा. या सूचना हल्लीच्या पुस्तकांत यादीसारख्या येतात. उरुग्वेचा प्रसंग वाचल्यावर त्यातली प्रत्येक सूचना कशासाठी आहे ते अंगात भिनते. स्लोकमला त्या दिवशी दोर कापता आला, दुसरा नांगर हाताशी होता, बोया बांधलेला होता. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी पुस्तकाला पुढची प्रकरणे नसती.

मॅगेलनच्या सामुद्रधुनीत हाच विषय वेगळ्या स्वरात येतो. नांगरावरची होडी समुद्रापासून काहीशी सुरक्षित असते, पण माणसांना ती सहज सापडते. एकट्या खलाशाला रात्री पहारा ठेवता येत नाही. पुंता आरेनासला साम्ब्लिच नावाच्या एका ऑस्ट्रियन मित्राने दिलेले गालिच्याचे खिळे स्लोकम झोपण्यापूर्वी डेकवर टोके वर करून पसरतो आणि रात्री चोरपावलांनी आलेले अनवाणी लोक ओरडत पाण्यात उड्या टाकतात. प्रसंग गमतीने सांगितला असला तरी त्यामागचा विचार गंभीर आहे. होडी थांबवणे ही अर्धीच गोष्ट झाली. थांबलेल्या होडीत माणसाला निर्धास्त झोप लागली, तरच तो उद्या पुढे जाऊ शकतो.

पुढच्या काळात एकट्याच्या प्रदक्षिणेचे एक रूप कुठेही न थांबण्याचे झाले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत विनाथांबा प्रदक्षिणा ज्या होडीतून पूर्ण केली, ती ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागोजवळ तीही रेतीवर बसली. बाहेरची मदत घेणे शर्यतीच्या नियमात बसत नव्हते, आणि त्यांनी ती भरतीवर स्वतःच सोडवली. त्यानंतर गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये बंदरे घेत आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा केल्या. या सगळ्या सफरींबद्दल मला आदर आहे. तरी स्लोकमची सफर मला अधिक जवळची वाटते, कारण ती थांबत थांबत झाली आणि प्रत्येक थांब्याला त्याला जमिनीशी नवा करार करावा लागला. त्याच्या पुस्तकात जग भेटते ते नांगर टाकल्यामुळे.

धाडसाच्या लेखनात तयारी बहुधा पहिल्या प्रकरणात उरकली जाते आणि पुढे शौर्याचा अंमल सुरू होतो. स्लोकम या दोघांना वेगळे होऊ देत नाही. त्याचे शौर्य म्हणजे ऐन क्षणी उपयोगी पडलेली तयारी, आणि त्याची शैलीही तशीच: लागेल तेवढाच शब्द, लागेल त्या जागी, बांधून ठेवलेला. म्हणून उरुग्वेचे हे परिच्छेद होडी चालवायला शिकणाऱ्यांनी वाचावेत आणि गद्य लिहायला शिकणाऱ्यांनीही वाचावेत. दोघांनाही त्यातून एकच धडा मिळेल: संकटात जे हाताला लागते, ते आपण शांत दिवशी कुठे ठेवले होते यावर सगळे ठरते.