चेंडू कोणाच्या हाती?

खापरखेड्यात सकाळी उठल्याबरोबर दोन गोष्टी हमखास दिसतात : वीज केंद्राच्या चिमण्या आणि उमेश यादवबद्दल बोलणारा माणूस. त्यांतल्या चिमण्या अधूनमधून थांबतात. उमेश पडला शेजारच्या वलनीचा, कोळसाखाणीत राबलेल्या बापाचा मुलगा. साहजिकच विदर्भाच्या रणजी विजयांचा आमचा स्थानिक इतिहास एका ओळीत आटोपतो : चेंडू उमेशला दिला, आपण जिंकलो.

हा इतिहास मला अजिबात मान्य नाही, आणि म्हणून चहाच्या टपरीवर मला अर्धाच कप मिळतो.

अहो, चेंडू दिला, पण दिला कोणी? फैझ फझलने. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवणारे एक काका असतात ना, तसा हा कर्णधार. पंगत उठली की लोक जिलबीला नावाजतात, वाढप्याला नावाजतात. काका मात्र कोपऱ्यात उपाशी.

2018-19चा हंगाम घ्या. वायनाडला केरळविरुद्धचा उपान्त्य सामना. खेळपट्टी वेगवान गोलंदाजांची. उमेशने दोन्ही डावांत मिळून 12 बळी घेतले. केरळ 106 आणि 91. दोन दिवसांत खेळ खलास! मग फेब्रुवारीत जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना. घरचं मैदान, गावचा पोरगा, ताजे 12 बळी. टपरीचं म्हणणं एकच : "काहून बाप्पा, दोन्हीकडून उमेशलेच काहून नाई देत?"

फझलने टपरीचं ऐकलं नाही. त्याची भिस्त आदित्य सरवटेच्या डावखुऱ्या फिरकीवर. सरवटेने 11 बळी घेतले. चेतेश्वर पुजारासारखा चिवट फलंदाज दोन डावांत मिळून 1 धाव करून गेला, दोन्ही वेळा सरवटेकडूनच. विदर्भ 78 धावांनी विजयी, सलग दुसऱ्यांदा विजेता. दहा दिवसांपूर्वीचा नायक बाजूला ठेवून आजची खेळपट्टी वाचायची, याला मी कप्तानी म्हणतो.

इथे कोणी चतुर म्हणेल, "जिंकले म्हणून शहाणे!" आक्षेप खरा आहे. त्याआधीच्या हंगामात, डिसेंबर 2017मध्ये, कोलकात्याला कर्नाटकविरुद्धचा उपान्त्य सामना विदर्भाने फक्त 5 धावांनी जिंकला. दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीने 7 बळी टिपले. पण कर्नाटकने आणखी 6 धावा केल्या असत्या, तर त्याच गुरबानीवर टाकलेल्या त्याच विश्वासाला आपण हट्ट म्हटलं असतं. दोन चौकार काय ते! तेवढ्याने शहाण्याचा मूर्ख होत असेल, तर आपली मोजपट्टीच रबराची म्हणायची.

म्हणून मी निकाल बाजूला ठेवून एकच विचारतो : चेंडू देताना कर्णधाराने समोरचं पाहिलं, की मागच्या टाळ्या ऐकल्या? इंदूरच्या अंतिम सामन्यात उमेश नव्हताच. तो भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला होता. तरी गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली आणि विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. एकाच नावावर संघ चालवायची सवय असती, तर त्या दिवशी हात चोळत बसायची पाळी आली असती.

उमेशचं मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. उलट, सरवटेला चेंडू मिळाला तेव्हा तो मुकाट सीमारेषेकडे चालत गेला, हेही मोठेपणच. फक्त धावफलकावर बळींना रकाना असतो, झेलांना असतो; चेंडू कोणाला द्यायचा नाही, या निर्णयाला नसतो.