ताशी ३२० किलोमीटर, पण कोणाच्या घड्याळात?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा विषय वर्गात निघाला की पहिला आकडा येतो तो ताशी ३२० किलोमीटरचा. १४ सप्टेंबर २०१७ रोजी या मार्गाची पायाभरणी झाली, तेव्हापासून बातम्यांत हाच आकडा ठळकपणे छापला जातो. तो खोटा नाही. मात्र तो गाडीच्या कमाल वेगाचा आहे, प्रवासाच्या वेगाचा नाही. या दोहोंतला फरक आपण शाळेतच शिकवतो. तोच इथे लावून पाहू.

मार्गाची लांबी ५०८ कि.मी. ताशी ३२०ने भागल्यास १ तास ३५ मिनिटे येतात. प्रत्यक्षात जाहीर झालेल्या वेळा दोन आहेत. वाटेत फक्त सुरत आणि वडोदरा येथे थांबणाऱ्या गाडीला २ तास ७ मिनिटे. सर्व १२ स्थानके घेणाऱ्या गाडीला २ तास ५८ मिनिटे. म्हणजे सरासरी वेग अनुक्रमे ताशी २४० आणि १७१ कि.मी. दुसऱ्या गाडीचे आठ थांबे जास्त आणि त्यांची किंमत ५१ मिनिटे. थांब्यामागे सहा मिनिटांहून थोडी अधिक.

एका थांब्याला एवढा वेळ का लागावा? ताशी ३२० कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ८९ मीटर. दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या बेताने वेग कमी केला, तर गाडी थांबायला तीन मिनिटे आणि जवळजवळ ८ कि.मी. लागतात. पुन्हा वेग घेताना तेवढाच किंवा अधिक वेळ जातो. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १६० कि.मी.च्या मानाने ती चौपट असते. ब्रेक लावताना मोटारी जनित्रासारख्या चालून काही ऊर्जा तारेत परत देतात, पण हवेचा विरोध मोडण्यात गेलेली ऊर्जा परत मिळत नाही. म्हणून वेगवान गाडीला थांबे परवडत नाहीत.

आता उपनगरातून पाहू. मुंबईचे स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलात, जमिनीखाली. तिथून शिळफाट्यापर्यंत २१ कि.मी. भुयार असून त्यातले ७ कि.मी. ठाणे खाडीखालून जातात. भुयार विक्रोळीवरून जाते, पण गाडी तिथे थांबणार नाही. घाटकोपर किंवा अंधेरीचा प्रवासी मरोळ नाक्याला मेट्रो बदलून संकुलात पोहोचेल. बोरिवलीकराला मेट्रोनेच जायचे तर तीन गाड्या. मुलुंडकराला ठाणे जवळ वाटेल, पण बुलेट ट्रेनचे ‘ठाणे’ आहे दिव्याजवळ म्हातार्डीला. तिथे आणि विरारला सर्व थांबे घेणारी गाडीच मिळेल.

बोरिवलीचा हिशेब मांडू. मुंबई सेंट्रल ते गांधीनगर, म्हणजे एका राजधानीहून दुसऱ्या राजधानीला जाणारी वंदे भारत २०२२पासून धावते. ती बोरिवलीला थांबते आणि तिथून अहमदाबादला सुमारे पाच तासांत पोहोचवते. घरून स्थानकाला अर्धा तास धरला, तर साडेपाच तास. बुलेट ट्रेनसाठी संकुलात पोहोचायला सव्वा तास, तपासणी आणि खाली उतरणे यांसाठी अर्धा तास धरू. जलद गाडीने ३ तास ५२ मिनिटे होतात, दुसरीने ४ तास ४३ मिनिटे. कागदावर तीन तास वाचतात. बोरिवलीकराच्या घड्याळात पाऊण ते पावणेदोन तास. पोहोचण्याच्या वेळा आमच्या अंदाजाच्या आहेत. त्या बदलून पाहाव्यात.

जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेही नीट वाचावे. टोकियो-ओसाका शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. अंतर ५१५ कि.मी., आपल्या एवढेच. जुना मार्ग गाड्यांनी भरून गेला होता, म्हणून नवा बांधला. टोकियोला ही गाडी जिथे उभी राहते, त्याच स्थानकात उपनगरी गाड्याही येतात. शिन-ओसाका शहराच्या मध्यापासून दूर आहे, पण तेथेही लोकलचे फलाट आहेत. जपानने वेग बांधला तो जाळ्यावर. आमच्या संकुलात मेट्रो आली, लोकल नाही.

जलद रेल्वे नको, असे आमचे म्हणणे नाही. अहमदाबादच्या विमानाला ती चांगला पर्याय ठरू शकते. आमचा आक्षेप एकाच आकड्याला प्रगती मानण्यावर आहे. मूळ अंदाजानुसार खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये, म्हणजे कि.मी.मागे २१० कोटींहून अधिक. त्याच महानगरात ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारातून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांना वेग नको होता, आत उभे राहायला जागा हवी होती. नव्या मार्गामुळे लांब पल्ल्याच्या किती गाड्या जुन्या रुळांवरून कमी होतील आणि त्या जागी किती लोकल धावतील, हा प्रश्न ताशी ३२०च्या आकड्याइतकाच ठळकपणे विचारला पाहिजे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना आपल्या घराच्या दारापासून अहमदाबादपर्यंतचा अंतर-काल आलेख काढायला सांगा: चालणे, रांग, लोकल, प्रतीक्षा, सर्व धरून. आलेखातल्या आडव्या रेषा, जिथे वेळ जातो पण अंतर कापले जात नाही, त्या त्यांनीच मोजाव्यात.